गुलाबदाणीचा पोचा

हे सगळं मी आधी पोलिसांना सांगितलं आहे. खाली सही करून सांगितलं आहे. त्यामुळे इथे लिहिताना तिखटमीठ लावायची सोय नाही, आणि तशी इच्छाही नाही. ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं समजावं. माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट आजही सरळ होत नाही. ते तरी खोटं बोलत नाही.

आणखी एक. असलं काही मध्यरात्रीच घडतं असं आपण धरून चालतो. हे घडलं शनिवारी, जेवणं उरकल्यावर, लख्ख उन्हात. माझ्या दादाच्या दुकानामागच्या खोलीत... आणि तिच्या बरोबर वरच्या स्वयंपाकघरात.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. जुन्या चांदीच्या वस्तू दुरुस्त करणं हे त्याचं काम. वहिनी पॉलिशचं बघायची. तिच्या बोटांची टोकं कायम काळी. दादा चेष्टा करायचा, की हिला पळून जायची सोयच नाही, जिथे हात लावेल तिथे ठसे सापडतील. ती म्हणायची, पळून जाऊन करू काय, तुम्ही शोधत याल आणि मोज्याचा जोड विचाराल.

अशी ती दोघं. मूलबाळ नाही. भांडणही नाही. निदान मी तरी कधी ऐकलं नाही.

मी हॉस्पिटलात नर्स आहे. जखमा धुवायच्या, टाके काढायचे, पट्ट्या बांधायच्या, हेच दिवसभर. शनिवारी अर्धा दिवस असतो. मग त्यांच्याकडे जेवायला जाते.

घराची रचना सांगते, कारण पोलिसांनी मला हेच पुन्हा पुन्हा विचारलं. खाली पुढे दुकान. मागे कामाची खोली. त्या खोलीतूनच वर घरात जाणारा लाकडी जिना. वर जायला दुसरी वाट नाही. वरच्या सगळ्या खिडक्यांना गज आहेत.

आणि दुपारी दुकानाचं शटर आतून बंद असतं.

ती वस्तू आणली सामानवाल्यानं. जुनी, बंद पडलेली घरं रिकामी करून द्यायचा त्याचा धंदा. हसतमुख माणूस. एका कपाटात सापडली म्हणाला. चांदीची गुलाबदाणी.

पूर्वी पाहुणा आला की दारातच त्याच्या अंगावर गुलाबपाणी शिंपडायचे, त्यासाठीची. खाली पसरट बैठक. तिच्यावर गोल, भरीव दिसणारं पोट, त्यावर फुलांच्या पाकळ्या कोरलेल्या. वर लांब निमुळती मान. मानेच्या टोकाला बारीक भोकांची कळी. पत्रा चांगला जाड. हातात घेतली की मनगट खाली जायचं.

पोटावर एका बाजूला पोचा होता. लिंबू बसेल एवढा खोल.

सामानवाला म्हणाला, तेवढा पोचा काढून द्या, घाई काही नाही.

दादा म्हणाला, कोणाच्या तरी हातून पडलेली दिसते. वहिनीनं ती उजेडात फिरवून पाहिली. मग तिनं ती मानेला धरली. उलटी. पोट वर, कळी मुठीखाली.

"पडलेली नाही," ती म्हणाली. "हिनं कुणाला तरी मारलंय."

आणि तिनं ती पटकन टेबलावर ठेवून दिली.

हे मला तिनंच फोनवर सांगितलं, हसत हसत. पण त्या आठवड्यात तिचे फोन वाढले. आधी म्हणाली, वास जात नाही. गरम पाण्यानं धुतली, चिंचेनं घासली, उन्हात पालथी घातली. आत थेंब नाही. तरी हलवली की आत पाणी डुचमळल्याचा आवाज येतो.

मग म्हणाली, मान ओली होते.

मी विचारलं, गुलाबदाणीची?

"नाही गं... माझी."

भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, मागून मानेवर बारीक थेंब पडायचे. हात लावला की बोटं ओली. वर बघितलं की छत कोरडं. तिनं प्लंबर बोलावला. त्यानं सगळे पाइप ठोकून बघितले आणि काही गळत नाही म्हणून निघून गेला.

मी तिला सांगितलं, या वयात घाम येतो असा अचानक. तपासून घेऊ.

ती म्हणाली, घामाला गुलाबाचा वास येत नाही.

त्या शनिवारी जेवताना मात्र ती छान होती. माझ्या नव्या चपलांवरून तिनं माझी भरपूर फिरकी घेतली. जेवणं झाली. ती भांडी घासायला वर थांबली. मी दादाबरोबर खाली आले. मला त्याचं काम बघायला लहानपणापासून आवडतं.

त्यानं गुलाबदाणी पुढ्यात घेतली. मान आट्यांची होती. ती फिरवून काढली आणि बाजूला ठेवली. टोकाशी वाकवलेली एक लोखंडी दांडी टेबलाला बसवलेल्या शिकंज्यात घट्ट आवळली, तिचं वाकडं टोक गुलाबदाणीच्या पोटात घातलं. बाहेरून दांडीवर हातोडी मारायची. मग आतलं टोक उसळतं आणि पोचा आतून हळूहळू वर येतो.

टक्.

वरून आवाज आला... ठक्.

मी वर बघितलं. दादानं नाही.

टक्.

ठक्.

वर नळ चालू होता. भांड्यांचा आवाज येत होता. त्या आवाजांच्या मध्ये हा वेगळा होता. लाकडावर काहीतरी जड टेकवल्यासारखा. आणि तो एका जागी नव्हता. आधी जिन्याच्या वरच्या टोकाशी. मग जेवणाच्या टेबलापाशी. मग त्याच्याही पुढे.

दादानं हात थांबवला आणि ओरडून विचारलं, की काय आपटतेस.

वरून वहिनीचा आवाज आला. "मी कुठे? मला वाटलं, तुम्हीच."

दादा माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, घर जुनं झालं, आवाज घुमतात. पोचा जवळजवळ निघाला होता. नुसती हलकी खळी उरली होती. त्यानं हातोडी उचलली.

मला त्याला थांब म्हणायचं होतं. का, ते सांगता येणार नाही. तोंड उघडलं, पण शब्द यायच्या आधीच हातोडी खाली आली.

टक्.

खळी उसळून वर आली. पोट पुन्हा गोल झालं.

आणि वर...

मी नर्स आहे. हाडावर काही आदळल्याचा आवाज मला कळतो.

मग काहीतरी जमिनीवर कोसळलं. भांडी गडगडली. नंतर फक्त नळाचं पाणी. आणि मग तेही बंद झालं.

कुणीतरी नळ बंद केला होता.

आम्ही जिना कसा चढलो ते आठवत नाही. वहिनी ओट्याखाली पालथी पडली होती. डोक्यामागून रक्त वाहत होतं. स्वयंपाकघरात दुसरं कुणी नव्हतं. खिडकी बंद, गज जागच्या जागी. आणि गुलाबाचा वास इतका, की श्वास घेताना तो घशाला चिकटत होता.

तिच्या केसांवर बारीक थेंब होते. दव पडल्यासारखे.

मी गुडघ्यांवर बसले. ओट्यावरचा टॉवेल ओढला, जखमेवर दाबला, दुसऱ्या हातानं तिचं डोकं धरलं. श्वास चालू होता. दादाला म्हटलं, अँब्युलन्स बोलाव. तो माझ्यासमोर उभा होता. दोन्ही हात रिकामे. हे मी पोलिसांना सांगितलं, तुम्हालाही सांगते. तो माझ्यासमोर होता आणि त्याचे दोन्ही हात रिकामे होते.

तेवढ्यात माझ्या मानेवर थेंब पडले.

गार. हलकेच. कुणी प्रेमानं शिंपडावेत तसे.

आणि माझ्या हातांत धरलेल्या तिच्या डोक्यावर घाव बसला.

मला काही दिसलं नाही. फक्त तिचं डोकं माझ्या हातांत जोरात हिसकलं आणि टॉवेलवरचं माझं बोट मोडलं. हाड चिरडल्याचा आवाज झाला. टॉवेलवर खळगा पडला. पाकळ्यांचा. कोरलेल्या पाकळ्या, एकेक रेघ स्पष्ट... आणि त्या रेघांमधून रक्त वर आलं.

मी किंचाळले असेन. दादानं स्वतःला वहिनीवर झोकून दिलं, तिला सगळीकडून झाकून घेतलं, डोकं तिच्या डोक्यावर ठेवलं.

पुढचा घाव त्याच्या पाठीवर बसला.

त्याच्या तोंडून हवा बाहेर पडली. नुसती हवा. शर्टावर पाकळ्या उमटल्या. पुन्हा एक. मग खांद्यावर. तो हलला नाही. दात खाऊन एवढंच म्हणाला, "खाली जा. ती वस्तू..."

मी जिना उतरले नाही, घसरले.

गुलाबदाणी टेबलावर होती. सरळ उभी. मघाशी काढून ठेवलेली मान पुन्हा बसवलेली होती. शिकंजा सैल, दांडी खाली पडलेली. चांदीच्या पोटावर रक्त होतं, आणि त्या रक्तात वहिनीचे केस चिकटले होते.

आणि ती हलत होती. टेबलावरून न उचलता. मागे झुकायची... पुढे यायची. पुढे आली की वर दादाचा कण्हण्याचा आवाज.

मी झडप घालून तिची मान पकडली.

ती ओली होती. आणि कोमट. हाताला हात लागावा तशी. मी ओढली आणि दुसऱ्या बाजूनं कुणीतरी ओढली. ताकद होती हो. मी पेशंटना उचलते, वळवते, माझ्याही अंगात जोर आहे. पण तिनं मला टेबलावर आपटलं. माझा ओठ फाटला, पुढचा दात हलला. डोळ्यांपुढे गुलाबदाणीची ती भोकाभोकांची कळी. त्या भोकांतून माझ्या तोंडावर थेंब उडत होते. गोड वासाचे. तोंडात गेले तेव्हा खारट लागले.

शिकंजा हाताशी होता. मी सगळं वजन टाकून ते पोट शिकंज्याच्या जबड्यात घातलं, मोडक्या बोटाच्याच हातानं त्याचा दांडा फिरवला. जबडा बसला. आणखी फिरवला. चांदी दबायला लागली.

वर वहिनी किंचाळली.

बेशुद्ध माणूस तसं किंचाळत नाही. मी दांडा थोडा आणखी फिरवला. तीही आणखी वरच्या पट्टीत. दादा ओरडत होता, थांब, थांब, तिच्या नाकातून रक्त येतंय, थांब.

मी थांबले.

घट्ट करता येईना. सोडताही येईना. मी तशीच त्या दांड्याला लटकून राहिले. गुलाबदाणी शिकंज्यात थरथरत होती. मग थरथर कमी झाली. मग थांबली.

वरही सगळं शांत झालं.

दादानं कसाबसा फोन केला. शटर मी उघडलं. अँब्युलन्सची माणसं माझ्या ओळखीची होती. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही.

पोलिसांनी मात्र विचारलं. तपास करणाऱ्या बाई शहाण्या होत्या, आवाज न चढवता बोलायच्या. बंद घर, नवरा-बायको, रक्तानं माखलेली वस्तू, वस्तूवर बायकोचे केस. त्यांच्या जागी मी असते तर मीही दादालाच धरलं असतं. माझ्याबद्दलही त्यांना शंका होती. भावाला वाचवतेय, असं त्यांना वाटणं साहजिक होतं.

पण दादाच्या पाठीचं खांद्याजवळचं हाड मागून तुटलं होतं. स्वतःच्या पाठीवर असा घाव कुणाला घालता येत नाही. माझं बोट मोडलं तेव्हा दादाचे हात माझ्यासमोर होते. आणि डॉक्टरांनी लेखी दिलं, की वहिनीच्या डोक्यावरचे घाव उंच, ताकदवान माणसानं उभ्यानं घातलेले आहेत. पालथ्या पडलेल्या बाईवर उभ्यानं तसा घाव बसू शकत नाही. त्या ओट्याखाली उभं राहायला जागाच नाही.

बाईंनी प्रकरण बंद केलं नाही. पुढेही नेलं नाही. सामानवाल्यालाही त्यांनी बोलावलं. तो रडकुंडीला आला. त्याला फक्त कपाट माहीत होतं. त्या घरात कोण राहायचं ते शेजाऱ्यांनाही सांगता आलं नाही.

गुलाबदाणी त्यांच्या ताब्यात आहे. महिन्याभरानं बाईंचा मला फोन आला. सहज विचारल्यासारखं विचारलं, त्या वस्तूत काही द्रव भरलेला होता का. मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, सील केलेला खोका खालून भिजलाय. आणि माझा हवालदार आता त्या खोलीत एकटा जात नाही.

वहिनी शुद्धीवर आली तेव्हा मीच तिच्या उशाशी होते. तिनं सांगितलं. ताटं विसळत होती. मागून मानेवर थेंब पडले. तिला वाटलं मी आले, चेष्टा करतेय. वळली तर एक बाई. उंच. नटलेली. केस ओले, चेहऱ्याला चिकटलेले. हातात गुलाबदाणी. घरी पाहुणा आला की यजमानीण हसते तशी हसत होती. पुन्हा एकदा शिंपडलं.

"मग तिनं ती हातात उलटी फिरवली," वहिनी म्हणाली. "आणि मला म्हणाली, किती उशीर केलात."

त्यानंतर ती रडली. मीही रडले. कवटीचं हाड जुळलं. केस पुन्हा आले. डॉक्टर म्हणाले, नशीब. दादाचा खांदा जरा खाली राहिला, पण काम करतो. दुकान उघडलं. मी शनिवारी पुन्हा जेवायला जायला लागले. सगळं जवळजवळ पहिल्यासारखं झालं.

जवळजवळ.

वहिनी आता पॉलिशला हात लावत नाही. बोटं गोरीपान झालीत. चेष्टा करत नाही. पण सगळ्यांशी फार गोड बोलते. आधी कधी इतकी गोड बोलत नव्हती.

गेल्या महिन्यातली गोष्ट. मी जिना चढून वर गेले. दादा खुर्चीत बसून बुटाची नाडी बांधत होता, मान खाली. वहिनी त्याच्या मागे उभी होती. हातात पाण्याची काचेची बाटली. भरलेली. तिनं ती मानेला धरली होती. बूड वर, तोंड मुठीखाली. बाटलीतून पाणी तिच्या हातावरून, कोपरावरून खाली गळत होतं.

ती त्याच्या डोक्याकडे बघत होती. कापड बेतताना बघतात तसं. अंदाज घेत.

मी हाक मारली. ती वळली. बाटली सरळ केली, टेबलावर ठेवली. म्हणाली, अगं, सांडलं बघ. आणि फडकं आणायला गेली.

दादाला मी खाली नेलं. दार लावलं. जे पाहिलं ते सांगितलं. म्हटलं, माझ्याकडे चल, आजच्या आज. तिला तपासू, दाखवू, काय करायचं ते करू. पण तू इथे राहू नकोस.

त्याला धक्का बसेल असं मला वाटलं होतं. तो हातातली कानस पुसत राहिला.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "पाचव्यांदा झालं हे."

मी विचारलं, आणि तरी इथेच राहतोस?

"दर वेळी ती शेवटी थांबते गं. डोळ्यांत पाणी येतं. आत आपलीच आहे ती, आणि धरून ठेवतेय. मी निघून गेलो तर ती कुणासाठी धरून ठेवेल?"

मी पुन्हा चल म्हटलं. तो आला नाही.

मी त्याला इतकंच कबूल करायला लावलं, की रोज सकाळी मी फोन करीन आणि तो उचलेल. आता आमच्या ड्रेसिंगच्या खोलीबाहेर पेशंट रांगेत थांबलेले असतात. डॉक्टर चिडतात. कुणाची जखम उघडी असते, कुणाचं मूल रडत असतं. मी कोपऱ्यात उभी राहून रिंग ऐकत असते.

दादाचा आवाज आल्याशिवाय मी हातमोजे घालत नाही.